शर्करेच्या जलीय द्रावणातील अमिनो आम्लांचे भौतिक गुणधर्म

शर्करेच्या जलीय द्रावणातील अमिनो आम्लांचे भौतिक गुणधर्म हा भौतिक रसायनशास्त्रातील, विशेषतः द्रावणांच्या उष्मागतिकीतील, एक अभ्यासविषय आहे. ग्लायसीन, ॲलनीन, व्हॅलीन यांसारखी अमिनो आम्ले सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा ट्रेहॅलोज मिसळलेल्या पाण्यात विरघळवली असता द्रावणाची घनता, ध्वनिवेग, श्यानता, अपवर्तनांक इत्यादी गुणधर्म कसे बदलतात, तसेच अमिनो आम्लाची विद्राव्यता किती राहते, याची मोजणी या विषयात केली जाते. या मोजणीवरून अमिनो आम्ल, शर्करा आणि पाणी या तीन घटकांच्या रेणूंमधील आंतरक्रियांचे अनुमान काढता येते.

शर्करेच्या सान्निध्यात अनेक प्रथिने उष्णता, शुष्कता व गोठण यांना अधिक काळ तोंड देऊ शकतात. औषधनिर्मितीत प्रथिनयुक्त औषधे टिकवण्यासाठी या गुणाचा उपयोग होतो. प्रथिनाचा रेणू मोठा व गुंतागुंतीचा असल्याने त्याच्या प्रत्येक भागावर शर्करेचा काय परिणाम होतो हे थेट मोजणे कठीण असते. म्हणून प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले साधी प्रतिमाने म्हणून अभ्यासली जातात. मात्र सुट्या अमिनो आम्लाचे वर्तन आणि प्रथिनात गुंफलेल्या त्याच अमिनो आम्लाचे वर्तन यांत महत्त्वाचा फरक असतो. तो लक्षात घेतल्याशिवाय या मोजमापांचा अर्थ लावता येत नाही.

## इतिहास

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२० साली जिलेटिनचे आम्लाच्या साहाय्याने विघटन करून ग्लायसीन मिळवले. त्याच्या गोड चवीमुळे त्यांनी त्यास 'जिलेटिनची साखर' असे संबोधले होते. ग्लायसीन हे नावही 'गोड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. ग्लायसीनमध्ये नायट्रोजन असल्याचे व ते शर्करा नसल्याचे पुढे स्पष्ट झाले.

अमिनो आम्ले पाण्यात प्रामुख्याने द्विध्रुवी आयनांच्या रूपात असतात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दृढ झाली. जेफ्रीज वायमन यांनी केलेली विद्युत् अपारक स्थिरांकाची मापने आणि एडविन कोन व जॉन एडसॉल यांचे आंशिक मोलीय आकारमानावरील काम यांचा त्यात मोठा वाटा होता. कोन व एडसॉल यांचा प्रथिने, अमिनो आम्ले व पेप्टाइडे यांवरील ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला.

द्रावणांच्या अभ्यासाची बरीचशी सैद्धांतिक साधने याच काळातील आहेत. ग्रिनेल जोन्स व माल्कम डोल यांचे श्यानतेचे समीकरण १९२९ मधील, तर विल्यम मॅकमिलन व जोसेफ मेयर यांचा द्रावणविषयक सिद्धांत १९४५ मधील आहे. रोनाल्ड गर्नी यांचा आयनांभोवतीच्या जलावरणाचा विचार मांडणारा ग्रंथ १९५३ साली आला. भारतात अमृतसर येथील गुरू नानक देव विद्यापीठ आणि दिल्ली येथील जामिया मिलिया इस्लामिया या संस्थांतील रसायनशास्त्रज्ञांनी या विषयावर संशोधन केले आहे.

## घटकांचे स्वरूप

### अमिनो आम्ले

प्रथिनांत सामान्यतः वीस प्रकारची अमिनो आम्ले आढळतात. प्रत्येकाच्या रेणूत एक अमिनो गट, एक कार्बॉक्सिल गट आणि वैशिष्ट्यपूर्ण पार्श्वशृंखला असते. उदासीन पीएचच्या आसपास कार्बॉक्सिल गट प्रोटॉन गमावून ऋणप्रभारित होतो व अमिनो गट प्रोटॉन स्वीकारून धनप्रभारित होतो. एकाच रेणूवर दोन्ही प्रभार असल्याने त्यास द्विध्रुवी आयन किंवा झ्विटर आयन म्हणतात. पाण्यातील ग्लायसीनच्या सुमारे दोन लाख रेणूंत एखादाच रेणू प्रभारविरहित रूपात असतो.

या प्रभारांमुळे अमिनो आम्लांचे स्फटिक क्षारांसारखे वागतात. त्यांचे वितळणबिंदू उच्च असून वितळण्याबरोबरच बहुधा त्यांचे विघटन होते. पाण्यातील विद्राव्यता पार्श्वशृंखलेनुसार बदलते. २५ °से. तापमानास १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २५ ग्रॅम ग्लायसीन विरघळते, तर ल्युसीन सुमारे अडीच ग्रॅम इतकेच विरघळते.

### शर्करा

या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या शर्करांपैकी ग्लुकोज व फ्रुक्टोज या एकशर्करा असून त्यांचे मोलीय वस्तुमान १८०.१६ ग्रॅम आहे. सुक्रोज व ट्रेहॅलोज या द्विशर्करा असून त्यांचे मोलीय वस्तुमान ३४२.३० ग्रॅम आहे. शर्करेच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. त्यामुळे शर्करा पाण्यात विपुल प्रमाणात विरघळतात. २० °से. तापमानास १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम सुक्रोज विरघळते.

शर्करा मिसळल्यावर द्रावकाचे गुणधर्म मोठ्या प्रमाणात बदलतात. २० °से. तापमानावरील सुक्रोजच्या द्रावणांची मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत.

| वस्तुमानानुसार सुक्रोज (टक्के) | घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) | श्यानता (मिलिपास्कल-सेकंद) | अपवर्तनांक |
|---|---|---|---|
| ० | ०.९९८ | १.०० | १.३३३ |
| २० | १.०८१ | १.९५ | १.३६४ |
| ४० | १.१७६ | ६.२ | १.४०० |
| ६० | १.२८७ | ५८ | १.४४२ |

म्हणून अमिनो आम्लाचा परिणाम मोजताना शुद्ध पाणी हे संदर्भद्रव्य न मानता त्याच संहतीचे शर्करेचे द्रावण संदर्भद्रव्य मानले जाते. म्हणजेच शर्करा व पाणी यांचे मिश्रण हा 'मिश्र द्रावक' आणि अमिनो आम्ल हे द्राव्य असते.

## मापन पद्धती

घनता मोजण्यासाठी पूर्वी विशिष्टगुरुत्व कुपी वापरली जात असे. आता कंपनशील नलिकेचा घनतामापक वापरतात. द्रावणाने भरलेल्या काचेच्या वक्र नलिकेची कंपनवारंवारता द्रावणाच्या वस्तुमानानुसार बदलते आणि त्यावरून घनता काढली जाते. ध्वनिवेग स्वनातीत लहरींच्या साहाय्याने, श्यानता केशनलिका श्यानतामापकाने आणि अपवर्तनांक अपवर्तनांकमापीने मोजतात.

अमिनो आम्लाच्या आभासी मोलीय आकारमानाचे सूत्र असे आहे :

आभासी मोलीय आकारमान = (व ÷ घ) − [१००० × (घ − द)] ÷ (म × घ × द)

येथे 'व' हे अमिनो आम्लाचे मोलीय वस्तुमान, 'घ' ही द्रावणाची घनता, 'द' ही मिश्र द्रावकाची घनता आणि 'म' ही मोललता, म्हणजे एक किलोग्रॅम द्रावकातील द्राव्याची मोलसंख्या, आहे.

या सूत्रात दोन घनतांमधील लहानसा फरक लहान मोललतेने भागला जात असल्याने मापनातील चूक वाढते. उदाहरणार्थ, २५ °से. तापमानास शुद्ध पाण्याची घनता ०.९९७०५ ग्रॅम प्रति घन सेंमी असते. त्यात किलोग्रॅममागे ०.१ मोल ग्लायसीन मिसळल्यास ती सुमारे १.०००२ होते. या मापनात ०.००००१ इतकी चूक झाली, तर आभासी मोलीय आकारमानात सुमारे ०.१ घन सेंमी प्रति मोल इतका फरक पडतो. मोललता ०.०१ असल्यास हीच चूक दहापट होते. शर्करेमुळे होणारा बदल बहुधा काही दशांशांपासून दोन-तीन घन सेंमी प्रति मोलपर्यंतच असल्याने घनतेच्या पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापर्यंतची अचूकता आणि तापमानाचे काटेकोर नियंत्रण आवश्यक ठरते.

द्रावणे तयार करतानाही काही दक्षता घ्याव्या लागतात. शर्करा व अमिनो आम्ले आर्द्रता शोषत असल्याने ती आधी वाळवली जातात. ग्लुकोज पाण्यात विरघळवल्यावर त्याच्या आल्फा व बीटा या दोन रूपांत समतोल साधण्यास काही काळ लागतो. समतोलावस्थेत आल्फा रूप सुमारे ३६ टक्के व बीटा रूप सुमारे ६४ टक्के असते. आम्लधर्मी द्रावणात सुक्रोजचे सावकाश विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात, म्हणून अशी द्रावणे साठवून वापरली जात नाहीत.

## आकारमानविषयक गुणधर्म

### पाण्यातील मूल्ये

निरनिराळ्या मोललतांवरील आभासी मोलीय आकारमानांचा आलेख शून्य मोललतेपर्यंत वाढवल्यास अनंत विरलनातील आंशिक मोलीय आकारमान मिळते. या अवस्थेत द्राव्याचे रेणू एकमेकांपासून फार दूर असल्याने हे मूल्य केवळ द्राव्य व द्रावक यांच्यातील आंतरक्रिया दर्शवते. २५ °से. तापमानावरील शुद्ध पाण्यातील काही मूल्ये पुढे दिली आहेत.

| अमिनो आम्ल | मोलीय वस्तुमान (ग्रॅम) | आंशिक मोलीय आकारमान (घन सेंमी प्रति मोल) |
|---|---|---|
| ग्लायसीन | ७५.०७ | ४३.२ |
| ॲलनीन | ८९.०९ | ६०.४ |
| सेरीन | १०५.०९ | ६०.६ |
| व्हॅलीन | ११७.१५ | ९०.८ |
| ल्युसीन | १३१.१७ | १०७.७ |

ग्लायसीनपासून ल्युसीनपर्यंत चार मेथिलीन गटांची भर पडते व आकारमान ६४.५ एककांनी वाढते. म्हणजे प्रत्येक मेथिलीन गटाचा वाटा सरासरी १६ घन सेंमी प्रति मोल इतका आहे. सेरीनमध्ये ॲलनीनपेक्षा एक ऑक्सिजन अणू अधिक असूनही दोघांचे आकारमान जवळजवळ सारखेच आहे. सेरीनच्या हायड्रॉक्सिल गटाशी पाणी निकट बांधले जात असल्याचे हे चिन्ह आहे.

### विद्युत्-आकुंचन

द्विध्रुवी आयनाच्या प्रभारित टोकांजवळील पाण्याचे रेणू तीव्र विद्युत् क्षेत्रामुळे घट्ट ओढले जातात व नेहमीपेक्षा कमी जागा व्यापतात. या परिणामास विद्युत्-आकुंचन म्हणतात. ग्लायसीनच्या स्फटिकाची घनता १.६०७ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे, म्हणजे स्फटिकातील त्याचे मोलीय आकारमान ४६.७ घन सेंमी येते. पाण्यात मात्र ते ४३.२ इतके कमी भरते. ग्लायसीनचेच रेणुसूत्र असलेल्या परंतु प्रभारित टोके नसलेल्या ग्लायकोलामाइडचे पाण्यातील आंशिक मोलीय आकारमान सुमारे ५६ आहे. या दोहोंमधील सुमारे १३ घन सेंमीचा फरक हे विद्युत्-आकुंचनाचे ठळक प्रमाण मानले जाते.

### स्थानांतर आकारमान

अमिनो आम्लाचे शर्करेच्या द्रावणातील आंशिक मोलीय आकारमान उणे शुद्ध पाण्यातील आंशिक मोलीय आकारमान, या फरकास स्थानांतर आकारमान म्हणतात. बहुतेक अमिनो आम्लांसाठी हे मूल्य धन असते व शर्करेची संहती वाढेल तसे वाढते. एकाच शर्करेच्या द्रावणात ते ग्लायसीनसाठी सर्वांत अधिक आणि ॲलनीन, व्हॅलीन, ल्युसीन या क्रमाने कमी होत जाते, असे सामान्यतः आढळते.

धन स्थानांतर आकारमानाचा अर्थ असा की, शर्करेच्या सान्निध्यात विद्युत्-आकुंचन काही अंशी सैल होते. शर्करेचे हायड्रॉक्सिल गट प्रभारित टोकांशी आंतरक्रिया करतात, तेथे आकुंचन पावलेले काही पाणी मुक्त होऊन सामान्य पाण्यात मिसळते व एकूण आकारमान वाढते.

## संपीड्यता

दाब वाढवल्यावर द्रव किती प्रमाणात आकुंचन पावतो ते संपीड्यतेवरून समजते. ध्वनिवेगाचा वर्ग व घनता यांच्या गुणाकाराचा व्यस्तांक म्हणजे समएन्ट्रॉपी संपीड्यता होय. २५ °से. तापमानास शुद्ध पाण्यात ध्वनिवेग सुमारे १,४९७ मीटर प्रति सेकंद असून संपीड्यता ०.४४८ प्रति गिगापास्कल आहे.

प्रभारित टोकांनी आधीच आकुंचित केलेले पाणी दाबाने आणखी फारसे आकुंचन पावत नाही. त्यामुळे पाण्यातील अमिनो आम्लांची आंशिक मोलीय संपीड्यता ऋण असते. ग्लायसीनसाठी ती सुमारे उणे २७ घन सेंमी प्रति मोल प्रति गिगापास्कल, म्हणजे उणे ०.०२७ घन सेंमी प्रति मोल प्रति मेगापास्कल, आहे. या मूल्यास एक मोल पाण्याचे आकारमान (१८.०७ घन सेंमी) व पाण्याची संपीड्यता यांच्या गुणाकाराने भागल्यास सुमारे ३.३ ही संख्या मिळते. तिला जलयोजन संख्या म्हणतात. ग्लायसीनच्या एका रेणूभोवती संपीड्यता गमावलेले पाण्याचे सुमारे तीन रेणू आहेत, असा तिचा ढोबळ अर्थ आहे. आकारमानावरून काढलेली जलयोजन संख्या थोडी वेगळी येते, कारण दोन्ही पद्धतींची गृहीतके वेगळी आहेत.

शर्करेच्या द्रावणात आंशिक मोलीय संपीड्यतेचे ऋणत्व कमी होते व जलयोजन संख्याही घटते. शर्करेमुळे आकुंचित पाणी मुक्त होते, या आकारमानावरून काढलेल्या निष्कर्षास यामुळे स्वतंत्र मापनाचा दुजोरा मिळतो.

## श्यानता

द्रवाच्या प्रवाहास होणाऱ्या अंतर्गत विरोधास श्यानता म्हणतात. अमिनो आम्लाच्या विरल द्रावणाची श्यानता भागिले मिश्र द्रावकाची श्यानता हे गुणोत्तर संहतीच्या प्रमाणात वाढते. या वाढीचा दर दाखवणाऱ्या गुणांकास जोन्स-डोल समीकरणातील बी गुणांक म्हणतात. मूळ समीकरणात आयनांच्या परस्पर आकर्षणासाठी आणखी एक पद आहे. द्विध्रुवी आयनावर निव्वळ प्रभार नसल्याने ते येथे सहसा वगळले जाते.

२५ °से. तापमानास शुद्ध पाण्यात ग्लायसीनचा बी गुणांक सुमारे ०.१४ लिटर प्रति मोल व ॲलनीनचा सुमारे ०.२५ लिटर प्रति मोल आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या समीकरणानुसार, द्रवात विखुरलेल्या घन गोलांसाठी हा गुणांक आकारमानाच्या २.५ पट असावा. ग्लायसीनचे आंशिक मोलीय आकारमान ०.०४३२ लिटर धरल्यास हे मूल्य ०.११ येते. प्रत्यक्ष गुणांक याहून मोठा आहे, याचा अर्थ रेणूबरोबर त्याचे जलावरणही प्रवाहास अडथळा करते. पार्श्वशृंखला लांबत जाते तसा बी गुणांकही वाढतो.

शर्करेच्या द्रावणात बी गुणांक बहुतेक मापनांत वाढलेला आढळतो. तापमानानुसार होणारा त्याचा बदल विशेष पाहिला जातो. तापमान वाढताना बी गुणांक कमी होत असेल तर द्राव्य पाण्याची रचना दृढ करणारे आणि वाढत असेल तर ती मोडणारे, असा संकेत रूढ आहे. लॉरेन हेपलर यांनी १९६९ साली आकारमानाच्या तापमानावलंबित्वावरून असाच एक निकष मांडला. हे दोन निकष प्रत्येक वेळी एकच उत्तर देतातच असे नाही, त्यामुळे केवळ एकाच निकषावरून केलेले वर्गीकरण सावधपणे स्वीकारावे लागते.

## प्रकाशीय व विद्युत् गुणधर्म

अपवर्तनांक व घनता यांवरून लोरेंत्स-लोरेन्झ सूत्राच्या साहाय्याने मोलीय अपवर्तन काढतात. ते रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या ध्रुवणक्षमतेचे माप असून मुख्यतः रेणूच्या घटक गटांवर अवलंबून असते. त्यामुळे शर्करेची संहती बदलली तरी अमिनो आम्लाच्या वाट्याचे मोलीय अपवर्तन फारसे बदलत नाही.

विद्युत् अपारक स्थिरांक ही दोन विद्युत् प्रभारांमधील बल द्रावकामुळे किती पटींनी कमी होते हे दाखवणारी संख्या आहे. २५ °से. तापमानास पाण्यासाठी ती सुमारे ७८.४ आहे. अमिनो आम्लांचा द्विध्रुव आघूर्ण मोठा असल्याने ती विरघळल्यावर हा स्थिरांक वाढतो. लिटरमागे एक मोल ग्लायसीनने तो सुमारे २३ एककांनी वाढतो. शर्करेमुळे मात्र तो कमी होतो. याचा अर्थ शर्करेच्या द्रावणात प्रभारित टोकांभोवतीचे विद्युत् वातावरणही बदललेले असते.

## आंतरक्रियांचे स्पष्टीकरण

वरील निरीक्षणांच्या स्पष्टीकरणासाठी जलावरणांच्या परस्परव्यापनाचे प्रतिमान सर्वाधिक वापरले जाते. गर्नी यांच्या विचारावर आधारित या प्रतिमानानुसार प्रत्येक द्राव्यकणाभोवती पाण्याचे एक आवरण असते व त्यातील पाण्याची रचना सामान्य पाण्याहून भिन्न असते. दोन कण जवळ आले की त्यांची आवरणे एकमेकांत शिरतात आणि काही पाणी बाहेर पडते. या प्रतिमानात मुख्यतः तीन प्रकारच्या आंतरक्रिया विचारात घेतात.

* प्रभारित टोके व शर्करेचे हायड्रॉक्सिल गट : विद्युत्-आकुंचन घटते, आकारमानात धन बदल होतो.
* अमिनो आम्लाची जलविरोधी पार्श्वशृंखला व शर्करेचे हायड्रॉक्सिल गट : आकारमानात ऋण बदल होतो.
* पार्श्वशृंखला व शर्करेचे जलविरोधी भाग : आकारमानात ऋण बदल होतो.

ग्लायसीनमध्ये पार्श्वशृंखला म्हणून केवळ हायड्रोजन अणू असल्याने पहिली आंतरक्रिया वरचढ ठरते. ल्युसीनमध्ये लांब जलविरोधी शृंखलेचा ऋण वाटा वाढतो व स्थानांतर आकारमान घटते. अमिनो आम्लांचे आंशिक मोलीय आकारमान आणि शृंखलेतील कार्बन अणूंची संख्या यांचा आलेख सरळ रेषेत येतो. त्यावरून प्रभारित टोकांचा व प्रत्येक मेथिलीन गटाचा वाटा वेगळा काढता येतो. शर्करेची संहती वाढवली असता टोकांचा वाटा स्पष्टपणे वाढतो, तर मेथिलीन गटाच्या वाट्यात तुलनेने अल्प बदल होतो.

मॅकमिलन-मेयर सिद्धांतानुसार स्थानांतर आकारमान शर्करेच्या मोललतेच्या घातांकित पदांत मांडतात. पहिल्या पदाचा गुणांक एक अमिनो आम्ल व एक शर्करा यांच्या जोडीची, तर दुसऱ्या पदाचा गुणांक एक अमिनो आम्ल व दोन शर्करा यांच्या त्रयीची आंतरक्रिया दाखवतो. सामान्यतः जोडीचा गुणांक धन व त्रयीच्या गुणांकाहून मोठा असतो.

## प्रथिनांच्या स्थैर्याशी संबंध

शर्करेचे रेणू अमिनो आम्लाच्या प्रभारित टोकांशी आंतरक्रिया करतात, या निष्कर्षावरून शर्करा प्रथिनाला चिकटून त्याचे रक्षण करत असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. द्रावणातील प्रथिनांवर केलेल्या थेट मापनांतून मात्र वेगळे चित्र दिसले. जेम्स ली व सर्ज टिमाशेफ यांनी १९८१ साली सुक्रोजच्या द्रावणातील प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रथिनाच्या लगतच्या द्रावणात सुक्रोजचे प्रमाण दूरच्या द्रावणापेक्षा कमी व पाण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळले. या घटनेस अग्रक्रमी जलयोजन म्हणतात. शर्करा प्रथिनाच्या पृष्ठभागापासून दूर राहत असल्याने पृष्ठभाग वाढणे ऊर्जेच्या दृष्टीने प्रतिकूल ठरते. उलगडलेल्या प्रथिनाचा पृष्ठभाग घडी घातलेल्या प्रथिनापेक्षा मोठा असतो, म्हणून शर्करेच्या द्रावणात प्रथिन घडी घातलेल्या अवस्थेतच राहणे पसंत करते.

प्रथिनाच्या कोणत्या भागामुळे हे घडते, या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुन्हा अमिनो आम्लांचाच उपयोग झाला. युफेंग लिऊ व वेन बोलेन यांनी १९९५ साली अमिनो आम्लांच्या पाण्यातील व सुक्रोजसारख्या संरक्षक द्रव्यांच्या द्रावणातील विद्राव्यतेवरून स्थानांतर मुक्त ऊर्जा काढली. मिश्र द्रावकात विद्राव्यता कमी झाल्यास स्थानांतर मुक्त ऊर्जा धन, म्हणजे प्रतिकूल, असते. पार्श्वशृंखलांचा एकूण परिणाम प्रथिन उलगडण्यास अनुकूल असला, तरी पेप्टाइड बंधांनी बनलेल्या कण्याचा प्रतिकूल परिणाम त्यावर मात करतो, असे त्यांना आढळले. प्रथिनाच्या प्रत्येक अमिनो आम्लामागे असा कणा असल्याने स्थैर्यात त्याचाच वाटा प्रमुख ठरतो.

### सुट्या अमिनो आम्लांची मर्यादा

सुट्या अमिनो आम्लात प्रत्येक रेणूवर प्रभारित टोकांची एक जोडी असते. शंभर अमिनो आम्लांच्या प्रथिनशृंखलेत मात्र अशी टोके केवळ दोन, म्हणजे शृंखलेच्या दोन अंतांवर, असतात. बाकीच्या अमिनो व कार्बॉक्सिल गटांचे पेप्टाइड बंधांत रूपांतर झालेले असते. ग्लायसीनच्या स्थानांतर आकारमानात वरचढ ठरणारी आंतरक्रिया प्रथिनात त्यामुळे जवळजवळ अनुपस्थित असते. शिवाय आकारमान व मुक्त ऊर्जा या वेगळ्या राशी आहेत. आकारमान वाढणे म्हणजे आंतरक्रिया अनुकूल असणे, असे समीकरण मांडता येत नाही.

यावर उपाय म्हणून ग्लायसिलग्लायसीनसारखी लहान पेप्टाइडे तसेच दोन्ही टोके रासायनिक रीत्या झाकलेली अमिनो आम्लांची साधिते अभ्यासली जातात. ग्लायसीनची मूल्ये वजा करून पार्श्वशृंखलांचा स्वतंत्र वाटा काढण्याची पद्धतही याच हेतूने वापरतात.

## रासायनिक बदल

भौतिक मापनांत अमिनो आम्ल व शर्करा यांच्यात रासायनिक अभिक्रिया होत नाही असे गृहीत धरतात. सामान्य तापमानास अल्पकाळासाठी ते योग्य असते. तापवल्यावर किंवा दीर्घकाळ साठवल्यावर मात्र ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या क्षपणक शर्करा अमिनो गटाशी संयोग पावून तपकिरी पदार्थ तयार करतात. लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सुक्रोज व ट्रेहॅलोज या शर्करा क्षपणक नसल्याने त्या थेट ही अभिक्रिया करत नाहीत.

उसाचा रस हे शर्करा व अमिनो आम्ले एकत्र असलेले नैसर्गिक जलीय द्रावणच आहे. गुऱ्हाळातील काहिलीत रस आटवताना गुळाला येणाऱ्या रंगात मायार अभिक्रियेचाही वाटा असतो. याच अभिक्रियेतून बनणारी मेलॅनॉइडिन नावाची गडद रंगद्रव्ये साखर कारखान्यांच्या मळीत आणि त्यावर चालणाऱ्या आसवन्यांच्या सांडपाण्यात आढळतात. मानवी शरीरात रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेच्या टोकाशी असलेल्या व्हॅलीनच्या अमिनो गटाशी हळूहळू संयोग पावते. मधुमेहाच्या नियंत्रणासाठी केली जाणारी 'एचबीएवनसी' चाचणी या संयुगाचेच प्रमाण मोजते.

## उपयोग

* प्रथिनयुक्त औषधे : स्तनांच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाच्या शुष्क स्वरूपातील औषधात ट्रेहॅलोज ही शर्करा व हिस्टिडीन हे अमिनो आम्ल अशी दोन्ही द्रव्ये असतात. ट्रेहॅलोज प्रथिनाचे रक्षण करते, तर हिस्टिडीन पीएच स्थिर राखते. अशा औषधांत क्षपणक शर्करा टाळल्या जातात.
* शिरेवाटे पोषण : अन्न ग्रहण करू न शकणाऱ्या रुग्णांना अमिनो आम्ले व ग्लुकोज यांची द्रावणे शिरेतून दिली जातात. दोन्ही एकत्र तापवून निर्जंतुक केल्यास मायार अभिक्रिया होते. म्हणून ती एकाच पिशवीच्या दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवून वापरण्यापूर्वी मिसळण्याची पद्धत प्रचलित आहे.
* अन्नप्रक्रिया : फळांचे रस, पाक व सरबते यांची घनता, श्यानता व अपवर्तनांक यांचा उपयोग नळ्या, पंप व बाष्पीभवन यंत्रे यांच्या रचनेत तसेच गुणवत्ता तपासणीत होतो.
* सैद्धांतिक अभ्यास : संगणकीय रेण्वीय गतिकीतील बलप्रतिमाने योग्य आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी घनता, संपीड्यता व स्थानांतर राशींची प्रायोगिक मूल्ये वापरली जातात.